चित्रांची गाडी शाळेत नेताय? मग या चुका टाळा

दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर पहिल्यांदा छोटा हत्ती लागला आणि आम्ही जुन्या चादरींत गुंडाळलेल्या चौकटी त्यात चढवू लागलो, तेव्हा समोरच्या काकूंनी वरून विचारलं होतं, "काय रे, घर सोडताय की काय?" त्याला आता सहा वर्षं झाली. फाईन आर्ट्समधून बाहेर पडलेले आम्ही तिघं बडोदा शहर, पादरा, सावली, डभोई इथल्या शाळांत आजच्या चित्रकारांची चित्रं घेऊन जातो. सकाळी मांडतो, संध्याकाळी परत आणतो. अधूनमधून कुणाचा तरी फोन येतो, "आम्हालाही असं करायचंय, काय काय लागेल?" काय लागेल ते पाच मिनिटांत सांगून होतं. काय करू नये, ते मात्र आम्ही पदरचे पैसे घालवून शिकलोय.

गाडीचीच गॅलरी करणं

सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र असतं: पांढऱ्या भिंतींची गाडी, आत मंद दिवे, मुलं पायऱ्या चढून रांगेनं आत जातायत. आम्हीही बंद बॉडीच्या जुन्या टेम्पोला आतून प्लायवुड ठोकलं होतं. वर्गात मुलं पंचेचाळीस आणि आत मावायची बारा. उरलेली तेहतीस बाहेर धुळीत कुस्ती खेळायची आणि आतल्या बाराजणांचं लक्ष त्या कुस्तीकडे. शिवाय एप्रिलात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या डब्यात चित्रकारालाही चित्र बघवत नाही.

खरं तर याचं उत्तर याच शहरात शंभर वर्षांपूर्वी सापडलेलं होतं. १९१० मध्ये सयाजीरावांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं उभारलं. त्यातल्या फिरत्या वाचनालयांतून गावोगाव जायच्या त्या पुस्तकांच्या लाकडी पेट्या. पेटी गावात उघडली की तिथेच वाचनालय. आम्हीही तेच केलं. गाडी फक्त वाहायला. शाळेच्या व्हरांड्यात बिजागरीनं जोडलेले सहा पडदे नागमोडी घडीत उभे करतो. सुटे इझल, म्हणजे चित्र टेकवायचे तिपाई स्टँड, नेऊ नका. व्हरांड्यात वारा घुसला की ते एकामागून एक आडवे होतात. पडद्यांच्या पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या की काम भागतं.

बबल रॅप थेट चित्राला लावणं

ही चूक सगळ्यात महागात पडली. एका मित्राचा अॅक्रिलिकचा मोठा कॅनव्हास होता, वरचा अर्धा भाग नुसतं निळं आकाश. आम्ही तो बबल रॅपमध्ये घट्ट आवळून दुपारच्या उन्हात दीड तास नेला. शाळेत उघडला तर आकाशभर वाटाण्याएवढे गोल वळ, एका ओळीत, शिस्तीत. पहिल्याच बाकावरून उठून आलेली चौथीतली मुलगी म्हणाली, "काका, आ वरसाद पडे छे?" तिला पाऊस दिसला. चित्रकाराला तो दिसला नाही.

अॅक्रिलिक रंग म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच. वाळला तरी उष्णतेत तो मऊ पडतो आणि वर जे दाबून ठेवाल त्याचा ठसा घेतो. म्हणून आधी केक भाजताना वापरतात तो सिलिकॉनचा लेप असलेला कागद, त्यावर बबल रॅप, आणि फुगे बाहेरच्या बाजूला. कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. गाडीत चित्रं आडवी एकावर एक रचायची नाहीत. ताटाळ्यात ताटं उभी राहतात तसे खाचे करून घ्या आणि चित्रं गाडीच्या लांबीच्या दिशेनं उभी ठेवा, म्हणजे ब्रेक लागला तरी एकमेकांवर आपटत नाहीत.

कागदावरच्या कामांना काचेऐवजी अॅक्रिलिकची शीट लावा. फुटत नाही आणि वजनालाही हलकी. पण चारकोल आणि सुक्या पेस्टलला ती चालत नाही. पुसली की शीटवर स्थिर वीज साठते आणि कागदावरची भुकटी वर ओढली जाते. आमच्या एका चारकोलमधली म्हैस अशीच अर्धी शीटवर गेली. ती कामं काचेतच न्यावी लागतात, प्रवासात काचेवर चिकटपट्टीची फुली मारून. जुलै-ऑगस्टात तर कागद घरीच राहू द्या. त्या हवेत तो लाटांसारखा वर-खाली होतो.

निघताना प्रत्येक चित्राचे पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे फोटो फोनवर काढा, परतल्यावर पुन्हा काढा. चौकट टेम्पोत मोडली की शाळेत, यावरून एकदा वाद झाला की ती शाळा तुम्हाला पुन्हा बोलवत नाही.

मोठ्यांच्या उंचीवर टांगणं

गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर धरतात. कॉलेजात तेच हाताला बसलेलं असतं. चौथीतलं मूल उंचीला १३० च्या आसपास असतं, त्याचे डोळे १२० वर. म्हणजे त्याला सगळं प्रदर्शन हनुवटी वर करूनच बघावं लागतं. मध्य ११५ वर आणा. मुलं सतरंजीवर बसणार असतील तर आणखी खाली. शिक्षकांना वाकावं लागतं, पण त्यांना तेवढं चालतं.

"हे कशाचं चित्र आहे?" असं विचारणं

या प्रश्नाला मुलं परीक्षेचा प्रश्न समजतात आणि बरोबर उत्तर शोधायला शिक्षकांच्या तोंडाकडे बघतात. चित्राकडे कुणीच बघत नाही. त्याहून वाईट म्हणजे आपणच पंधरा मिनिटं भाषण ठोकणं. पहिल्या वर्षी मी ते मनापासून ठोकत असे, क्युबिझमपासून.

आता आम्ही दोन मिनिटं गप्प बसवतो. मग विचारतो, "काय काय दिसतंय?" आणि कुणी काही म्हटलं की, "कुठे दिसलं? बोट दाखव." बस. पांढऱ्या कागदावर नुसत्या बारीक समांतर रेषा असलेलं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, आमच्याकडे आहे. डभोईकडच्या शाळेत एक मुलगा तिरसटपणे म्हणाला, "आ तो चोपडानी लीटी छे." वर्ग हसला. बोट दाखव म्हटल्यावर तो जवळ आला, नाक कागदाला लागेपर्यंत वाकला आणि म्हणाला, नाही, वहीतल्या रेघा सारख्या अंतरावर असतात, या इथे दाटतायत. मग दुसरी उठली, तिला त्यात शेतातले चास दिसले. तिसऱ्याला रात्री बसच्या खिडकीतून दिसणाऱ्या तारा. पुढचा अर्धा तास आम्हाला बोलावंच लागलं नाही. शेवटी एवढंच सांगितलं, की नसरीन मोहमदी नावाच्या बाई बडोद्यातच शिकवायच्या आणि वर्षानुवर्षं पेन-पेन्सिलीनं अशाच रेषा काढायच्या. हे आधी सांगितलं असतं तर मुलांनी फक्त वहीत उतरवून घेतलं असतं.

"हात लावू नका" एवढंच ऐकवून नेऊ नका, हात लावायची एक तरी वस्तू न्या. चित्रकार जेराम पटेल प्लायवुड ब्लोटॉर्चनं जाळून त्यातून काम करत. ते ऐकून आम्ही प्लायवुडचा एक तुकडा जाळून नेतो. मुलं बोटं काळी करतात, वास घेतात आणि होळी आठवते म्हणतात. तेवढी बोटं काळी झाली की मग चित्रांना हात लागत नाही, कारण आम्हीच आधी हात धुवायला पाठवतो.

नेटवरून उतरवून फ्लेक्सवर छापणं

स्वस्त पडतं, म्हणून मोह होतो. पण रंगाचा थर, कागदाचा पोत, चित्राचं खरं माप, सगळं त्यात जातं, आणि मुलांना ते दुकानाच्या बोर्डासारखंच दिसतं. दुसरी अडचण कायद्याची. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. बडोद्याच्या घड्याळजींना आणि शिंप्यांना चित्रात आणणारे भूपेन खख्खर २००३ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कामांवर हक्क २०६३ संपेपर्यंत. कुणाच्या घरी मूळ चित्र असलं तरी ते छापायचा हक्क त्या घराकडे आपोआप येत नाही. वर्गात शिकवण्यापुरती कायद्यात सूट आहे, पण फिरतं प्रदर्शन तिच्यात बसेलच असं धरून चालू नका. त्यापेक्षा गावातल्या हयात चित्रकाराला फोन करा. मूळ काम उसनं मागा आणि दोन ओळींचं संमतिपत्र घ्या. बहुतेक जण हो म्हणतात, फक्त टेम्पोत कसं बांधणार ते आधी विचारतात.

वेळापत्रक न बघणं

नवरात्रात सकाळच्या पाळीला जाऊ नका, मुलं गरबा खेळून झोपेत असतात. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात सगळ्यांचं लक्ष आकाशातल्या पतंगांकडे. दोन पाळ्यांच्या शाळेत पाळी बदलतानाची वीस मिनिटं पडद्यांजवळ तिघंही उभे राहा, तेव्हा व्हरांड्याचा एसटी स्टँड होतो. वर्गशिक्षकांना थांबवून घ्या, नाहीतर ते पेपर तपासायला निघून जातात.

शेवटी चित्रकला स्पर्धा ठेवणं

शाळा आग्रह धरते, कारण बक्षीस समारंभाचा फोटो मिळतो. स्पर्धा आहे हे कळताच मुलं चित्रं बघणं सोडून ती उतरवायला लागतात, आणि नंबर येतो तो डोंगर-सूर्य-झोपडीचा. त्याऐवजी आम्ही एक चित्र आठवडाभर शाळेतच ठेवून येतो. पहिल्यांदा ठेवलं ते मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेलं, कुलपात. दुसऱ्यांदा पाण्याच्या टाकीजवळ लागलं, चौकटीला ओल आली. आता आम्हीच खिळा ठोकून देतो, जिन्याच्या वळणावर, जिथे सुट्टीत रांग खोळंबते.