वाड्यात सिंथ वाजवायचा असेल तर

मी मूळचा लग्नाच्या मांडवातला कीबोर्डवाला, त्यामुळे जागेप्रमाणे आवाज बदलतो हे अंगवळणी पडलेलं आहे. तरी जुना वाडा वेगळाच. सिंथ म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर; घरी हेडफोनवर जमवलेला त्याचा पॅच, म्हणजे बटणं फिरवून बसवलेला आवाज, तिथे जसाच्या तसा चालेल, हे आधी डोक्यातून काढा.

किल्ला किंवा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी. ओळखीतला राहता वाडा बरा. घरातले आजोबा अहिराणीत विचारतीलच, "हाई काय शे?" (हे काय आहे?) सांगा, अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, 1969 सालीच मूग कंपनीचा सिंथेसायझर आला होता. माणसं जरा सैल होतात.

मग खोली तपासा. स्पीकर लावून साधा साइन वेव्ह, म्हणजे एकाच कंपनाचा शुद्ध सूर, 40 हर्ट्झपासून 200 पर्यंत अगदी सावकाश चढवत न्या. मध्येच कुठेतरी दाराची कडी खणखणेल आणि आवाज एकदम फुगेल. समोरासमोरच्या भिंतींत 5 मीटर अंतर असेल तर हे साधारण 70 आणि 105 च्या आसपास होतं. तो आकडा लिहून ठेवा आणि ईक्यूमध्ये (सूर कमी-जास्त करायच्या बटणांत) तिथेच कापा. बेसची पट्टी सूर-दोन सूर सरकवली तरी काम भागतं. मला तेच जास्त आवडतं. आवाज रेंगाळत असेल तर रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) आखूड करा आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, बंदच ठेवा, तो वाडा फुकट देतोय.

मागच्या भिंतीला दोरीवर जाड गोधड्या टांगा. दिवाळीनंतर कापसाने भरलेली खोली आवाज मस्त गिळते, पण तिथे वायरी नेऊ नका. एक ठिणगी पुरे.

वीज हे खरं दुखणं. जुन्या वायरिंगला अर्थिंग नसतं, मग 50 हर्ट्झची गुणगुण सुरू. वायरमनकडून अर्थिंग करून घ्या, सगळं सामान एकाच बोर्डावर जोडा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग असतात. त्यांना हात लावू देऊ नका. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरही करकरतो.

अॅनालॉग सिंथ, म्हणजे संगणकी चिपऐवजी थेट विजेच्या सर्किटवर आवाज काढणारा, उन्हाने सूर सोडतो. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, म्हणून कार्यक्रम कार्तिक-मार्गशीर्षात ठेवा. तरीही अर्धा तास आधी चालू करून मगच सूर लावा.

चौकात उघड्यावर वाजवणार असाल तर रात्री 10 ला स्पीकर बंद. वरातीच्या डीजेला कुणी विचारत नाही हे खरं, पण तुम्हाला त्याच गल्लीत पुन्हा जायचंय.