परराज्यात जाताना स्थानिकांचा रोष कसा ओळखावा आणि कसा टाळावा

परराज्यात गेल्यावर अनेकांना तुटक उत्तरे मिळतात, 'बाहेरचे लोक' हा शब्द कानावर पडतो किंवा एमएच पासिंगची गाडी पाहून कपाळावर उमटलेली आठी दिसते. अशा वेळी आपल्या मनात पहिला विचार येतो तो असा, की आपण पैसे मोजून आलो आहोत आणि या लोकांचे पोट आपल्यासारख्यांवरच चालते. हा विचार बाजूला ठेवल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. स्थानिकांचा राग आपल्या बोलण्यावर किंवा कपड्यांवर क्वचितच असतो. पाणी, जमीन, वाट आणि आपल्या गावाबद्दल निर्णय घेण्याचा हक्क हातून निसटत असल्याची ती चीड असते. त्यामुळे नुसते गोड बोलून ती ओसरत नाही. तेथील अपुऱ्या गोष्टींतला किती वाटा आपण उचलतो, हे आधी पाहावे लागते. चार दिवस फिरायला जाणाऱ्यांनी आणि नोकरीसाठी वा घर घेऊन राहायला जाणाऱ्यांनी काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

निघण्यापूर्वी: तेथे काय कमी आहे?

सहलीची आखणी करताना आपण काय पाहायचे याची यादी करतो, पण त्या ठिकाणी कशाची टंचाई आहे हे विचारत नाही. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस सिमल्यात पाणी इतके आटले, की काही वस्त्यांना कित्येक दिवस नळाचे पाणी मिळाले नाही, टँकरपुढे रांगा लागल्या आणि दरवर्षीचा उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला. 'सध्या येऊ नका' असे आवाहन तेव्हा सिमल्यातील लोकांनीच समाजमाध्यमांवरून केले. पर्यटनाच्या ऐन हंगामात पर्यटकांना नको म्हणण्याची वेळ एखाद्या शहरावर का येते, याचा विचार प्रत्येक प्रवाशाने करायला हवा. उन्हाळ्यात डोंगरातल्या गावात खोली घेताना पाणी कोठून येते, हे फोनवरच विचारावे. टँकरवर चालणाऱ्या जागेत स्विमिंग पूल असेल, तर ती जागा टाळावी. शक्य असल्यास मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून जावे. स्वस्त पडते हा त्यातला लहान फायदा आहे. मोठा फायदा असा, की गावाला आपली गर्दी सोसते आणि लोकांना आपल्याशी बोलायला सवड असते.

काही ठिकाणी आता नियमच झाले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल येथे बाहेरच्या वाहनांना ई-पास घ्यावा लागतो. २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी दिवसाला ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली. सिक्कीमने जुलै २०२४ मध्ये पर्यटकांच्या गाड्यांत कचऱ्याची मोठी पिशवी ठेवणे सक्तीचे केले. अरुणाचल प्रदेश, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर या राज्यांत जाण्यासाठी इनर लाइन परमिट लागते. त्याचे मूळ १८७३ च्या ब्रिटिशकालीन नियमात असले, तरी आज तेथील समाज ती आपली ढाल मानतो. अशा बंधनांना पळवाट शोधू नये आणि नाक्यावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. तो नियम त्याने केलेला नसतो.

पैशाचाही हिशेब करावा. पर्यटनाचा पैसा गावात येतो हे खरे असले, तरी हॉटेलचा मालक दुसऱ्या शहरातला, कामगार तिसऱ्या राज्यातले आणि बुकिंगचे कमिशन कुठल्याशा कंपनीचे असेल, तर गावाच्या वाट्याला वाहतुकीची कोंडी आणि कचराच उरतो. म्हणून राहण्याची जागा कोणाच्या मालकीची आहे हे विचारावे आणि स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या घरगुती निवासाला पहिली पसंती द्यावी. गोव्यात ॲपवरच्या टॅक्सी आणि स्थानिक टॅक्सीवाले यांच्यात जुना वाद आहे. भाडे जास्त वाटणे स्वाभाविक आहे, पण गाडीत बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि त्या वादात उडी घेऊ नये.

वाट आणि दार

रोजचा राग सर्वात जास्त साचतो तो रस्त्यावर आणि दारात. गोव्यातील पर्रा गावात दोन्ही बाजूंनी माडांची रांग असलेला एक सरळ रस्ता आहे. फोटोंमुळे तो इतका गाजला, की लोक गाड्या थांबवून रस्त्याच्या मधोमध उभे राहू लागले. २०१९ मध्ये तेथील पंचायतीने फोटो आणि चित्रीकरणासाठी शुल्क आकारायला सुरुवात केली, त्यावर टीका झाली आणि शुल्क मागे घेतले गेले. शुल्क योग्य होते की नाही यावर वाद घालता येईल, पण तो रस्ता गावकऱ्यांचा बाजाराला आणि शाळेला जाण्याचा रस्ता आहे, यावर वाद होऊ शकत नाही. पणजीच्या फोंतेन्यांश भागात याहून बारीक गोष्ट दिसते. गल्ली अरुंद, घराचा दरवाजा थेट गल्लीत उघडणारा आणि रंगवलेली भिंत म्हणजे कोणाच्या तरी झोपण्याच्या खोलीची भिंत. त्या पायरीवर लग्नाआधीच्या फोटोंसाठी सजलेले जोडपे बसलेले असताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पिशवी घेऊन बाहेर पडायचे असते. 'फोटो काढू नका' अशा पाट्या तेथील रहिवाशांनी उगाच लावलेल्या नाहीत.

यातून काही साधे नियम निघतात. कोणाच्या पायरीवर, ओट्यावर किंवा फाटकासमोर बसू नये. माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी विचारावे आणि घराचा काढायचा असेल तर विचारण्यासाठी घरातला माणूस दिसेपर्यंत थांबावे. गाडी लावताना आपल्याला जागा मिळाली एवढेच न पाहता समोरच्या घरातली गाडी बाहेर निघेल का, हे पाहावे. रात्री दहानंतर गाडीतला आवाज बंद करावा. किनाऱ्यावर दारू पिणे आणि उघड्यावर स्वयंपाक करणे गोव्यात २०१९ पासून दंडनीय आहे. दंडाची भीती नसती तरी वाळूत फुटलेली बाटली स्थानिक मुलांच्या आणि रापणकारांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, पायात जाते, एवढे कारण पुरेसे आहे. सुमारे १५ लाख लोकसंख्येच्या या राज्यात वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात. आपण एकदाच केलेली गोष्ट तेथे रोज कोणी ना कोणी करत असते आणि समोरचा माणूस त्या सगळ्यांवरचा राग आपल्यावर काढतो. ते अन्यायाचे वाटले, तरी समजण्यासारखे आहे.

मराठी माणसाने विशेष सांभाळायचे काही

गोव्यात गेल्यावर 'हे तर आपलेच आहे' असे आपण फार प्रेमाने म्हणतो. गोवेकराला त्यात प्रेम ऐकू येत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटक राज्य झाले आणि १९९२ मध्ये कोकणी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. कोकणी ही मराठीची बोली आहे, असे जेवणाच्या टेबलावर सहज म्हणणे म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ चाललेल्या लढ्यावर पाणी ओतणे आहे. गोव्यात मराठीवर प्रेम करणारे लोक मोठ्या संख्येने आहेत आणि तो विषय त्यांनीच आपसात बोलावा, हे बरे. बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्यांनी बेळगावच्या सीमाप्रश्नाबाबत हाच विवेक ठेवावा. आपले मत सोडावे असे नाही, पण ऑफिसच्या कँटीनमध्ये १ नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशी, ते मांडण्याची गरज नसते.

भाषेचा मुद्दा आपल्याला तरी वेगळा समजावून सांगायला नको. मुंबईत वर्षानुवर्षे राहून मराठीचा एक शब्द न बोलणारा आणि वर 'हिंदीत बोला' असे बजावणारा माणूस भेटला की आपल्याला जे वाटते, तेच कन्नडिगाला वाटते. नोकरीतल्या मराठी माणसाच्या हक्कासाठी १९६६ मध्ये महाराष्ट्रात एक पक्षच उभा राहिला. ही भावना आपण जगलो आहोत. त्यामुळे बंगळूरला गेल्यावर पहिल्या महिन्यातच आकडे, भाजीची नावे आणि रिक्षावाल्याशी बोलण्यापुरती वाक्ये शिकावीत. मोठ्या माणसाला 'अण्णा', बाईंना 'अक्का' म्हणावे. चूक झाली तरी कोणी हसत नाही, उलट बहुतेक वेळा समोरची व्यक्ती स्वतःहून आपल्या भाषेकडे वळते.

कोणी अडवले तर

कोणी चढ्या आवाजात बोलले, तर आधी गाडी हलवावी किंवा कॅमेरा खाली घ्यावा आणि मगच बोलावे. मोबाइल काढून चित्रीकरण सुरू करू नये, त्याने दहा माणसे जमतात. मात्र रोष समजून घेणे आणि दमदाटी सोसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. देशात कोठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. मारहाण, धमकी किंवा स्त्रियांशी असभ्य वर्तन झाले, तर ११२ वर फोन करावा आणि तक्रार नोंदवावी. एखाद्या राज्यात गरीब मजुराला परप्रांतीय म्हणून मारणे हे त्या राज्याच्या पाणीटंचाईने समर्थनीय ठरत नाही, महाराष्ट्रातही नाही.

राहायला जाणाऱ्यांसाठी

पर्यटक परत जातो, पण जमीन घेणारा राहतो. म्हणून त्याच्यावरचा राग खोल असतो. आपल्या कोकणात हे जवळून दिसते. मुंबई-पुण्याचा माणूस डोंगरउतारावर जागा घेतो, चिऱ्यांचा गडगा घालतो आणि त्या गडग्यात देवळाकडे किंवा विहिरीकडे जाणारी पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट बंद होते. सातबाऱ्यावर ती वाट नसते, पण गावाच्या पायांना ती ठाऊक असते. परराज्यात जमीन घेताना कागद पाहण्याइतकेच महत्त्व गावातल्या दोन वयस्कर माणसांना घेऊन जागेवर चालत जाण्याला द्यावे. कोणाची वाट जाते, पावसाचे पाणी कोठून वाहते, विहीर कोण वापरते, हे त्यांना विचारावे आणि कुंपणात वाट सोडावी.

कायदेही नीट समजून घ्यावेत. हिमाचल प्रदेशात १९७२ च्या कूळ व जमीन सुधारणा कायद्याच्या कलम ११८ नुसार त्या राज्यातला शेतकरी नसलेल्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. उत्तराखंडने २०२५ मध्ये हरिद्वार आणि उधमसिंग नगर वगळता उरलेल्या ११ जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेती आणि फळबागांची जमीन विकत घेण्यास बंदी केली. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी नमुना १ व १४ असतो. त्यात कुळाचे नाव आहे का, जागेवर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या रहिवाशाचे, घर आहे का, हे पाहावे आणि भातशेतीच्या वाटेला जाऊ नये. स्थानिक मित्राच्या नावावर जमीन घेऊन ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो बेकायदेशीर आहेच, शिवाय ज्या विश्वासावर आपण त्या गावात राहणार, तोच त्याने पहिल्या दिवशी मोडतो. वर्षातले पंधरा दिवस उघडण्यासाठी घर घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कुलूप लावलेल्या घरांनी भाडी वाढतात आणि गावच्याच तरुण जोडप्याला गावात खोली मिळेनाशी होते.

घर भाड्याने घेणाऱ्यांनी मागेल ते भाडे मुकाट्याने कबूल करू नये, कारण मोठ्या पगाराच्या नवख्या माणसाने दिलेला दर पुढच्या महिन्यात शेजाऱ्याकडून मागितला जातो. वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायचे असेल, तर तेथील नोंदणी करून घेऊन त्या राज्याचा कर भरावा. मतदार यादीतील नावही नव्या पत्त्यावर न्यावे. गावात राहत असल्यास त्यानंतर आपण ग्रामसभेचे सदस्य होतो. गोव्यात मोठ्या गृहप्रकल्पांविरुद्धचे ठराव याच सभांमध्ये होतात आणि तेथे नव्याने आलेला माणूस बहुधा दोनच प्रसंगी दिसतो, देवळाच्या किंवा चर्चच्या आवाजाची तक्रार करायला किंवा आपल्या दारापर्यंत डांबरी रस्ता मागायला. पहिले वर्षभर मागच्या खुर्चीवर बसून ऐकावे. दुसऱ्या वर्षी पाणी, कचरा किंवा गावच्या वाटेचा ठराव आला, की गावाबरोबर हात वर करावा.