दहा हजार किलोमीटर, पण कुठले? इंजिन ऑइल बदलताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीतले काका ऑगस्टमध्ये म्हणाले, "अरे, वर्षात गाडी तीन हजारसुद्धा पळाली नाही, ऑइल कशाला बदलू?" मी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढलं. आतून पिवळट, सायीसारखा थर धरला होता. काकांची गाडी निघायची ती भाजीबाजार आणि कांदिवली स्टेशनपुरती. दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. आतली वाफ पाणी होऊन ऑइलात उतरते, न जळलेलं पेट्रोलही थोडं मिसळतं. गाडी अर्धा-पाऊण तास सलग पळाली तर ते उडून जातं, एरवी साचत राहतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये 10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, 'जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं. आपण नेमके हेच शेवटचे शब्द विसरतो.

असा थर फक्त झाकणाला असेल तर बहुधा ओलावाच. पण डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधाळ कॉफीसारखं दिसलं, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) किंवा पुराचं पाणी आत गेलेलं असू शकतं. तेव्हा गाडी चालू न करता मेकॅनिकला बोलवा.

दुसरी चूक मुंबईकरांची खास. बोरिवलीहून लोअर परळला साधारण 30 किलोमीटरला दीड तास लागतो, म्हणजे ताशी 20 चा वेग. या वेगाने 10,000 किलोमीटर व्हायला इंजिन 500 तास चालतं. पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर ताशी 80 ने तेवढंच अंतर 125 तासांत होतं. ओडोमीटरला दोन्ही सारखेच. ऑइल मात्र चौपट वेळ राबलेलं असतं, तेही सिग्नलला आणि गोरेगावच्या जॅममध्ये तापत. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं पान असतं, ते कुणी उघडत नाही. थांबत-थांबत चालणारा ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या, धूळ हे सगळं त्यातच मोडतं, आणि मुदत बऱ्याचदा निम्मी दिलेली असते. रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या माझ्या गाडीचं ऑइल मी 5,000 किलोमीटर किंवा सहा महिन्यांनी बदलतो. तुमच्या गाडीला काय लागू आहे ते त्या पानावर बघा.

रंगावर जाऊ नका. डिझेलचं नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. उलट सीएनजीवर काजळी जवळजवळ होत नाही, म्हणून ऑइल मधासारखं दिसत राहतं आणि माणूस निर्धास्त होतो. दिसायला स्वच्छ असलं तरी आतली रसायनं उष्णतेने संपत आलेली असतात.

पातळी बघताना गाडी पार्किंगच्या रॅम्पवर नको, सपाट जागी हवी. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसा, पूर्ण आत घाला, मग वाचा. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे नको. जास्त झालं की फेस होतो. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाडीत पातळी आपोआप वाढताना दिसली, तर ऑइलात डिझेल उतरतंय असं समजा आणि बदलून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा दाबाचा असतो, मुदतीचा नव्हे. तो चालताना पेटला तर गाडी बाजूला घेऊन लगेच बंद करा.

ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, मॅन्युअलमधलाच वापरा. 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल सांगितलं असताना 'मुंबईत गरम होतं' म्हणून जाड ऑइल टाकू नका. फिल्टर दर वेळी नवा, ड्रेन प्लगचा वॉशरही. ऑइल कोमट असताना काढा, उकळतं असताना नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारे पक्के आधार) नसतील तर हे काम गॅरेजलाच द्या. वॉरंटी चालू असेल, तर घरी हात लावण्याआधी तिच्या अटी वाचा.

काढलेलं ऑइल सोसायटीच्या गटारात ओतू नका, पावसाबरोबर ते थेट खाडीत जातं. जुन्या कॅनमध्ये भरून घट्ट झाकण लावा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. काकांच्या गाडीचं आम्ही तसंच केलं, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेला कागद बॉनेटच्या आत चिकटवून ठेवला.