सीडी घालताच ती आपोआप सुरू होऊ नये यासाठी

एखादी सीडी संगणकात सरकवताच, आपण काही सांगायच्या आत पडद्यावर खिडकी उघडते, याचे मूळ विंडोज ९५ मध्ये आलेल्या ऑटोरन सुविधेत आहे. सीडीवरील ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ ही छोटी फाइल कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते सांगते. २००८ मध्ये पसरू लागलेल्या कॉन्फिकर या वर्मने (एका संगणकातून दुसऱ्यात स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) पेनड्राइव्हवरील अशाच फाइलचाही आधार घेतला होता, त्यामुळे हा प्रश्न केवळ कटकटीचा नाही.

विंडोज १० मध्ये शोधपट्टीतून ‘कंट्रोल पॅनेल’ उघडावे, ‘व्ह्यू बाय’मध्ये ‘लार्ज आयकॉन्स’ निवडून ‘ऑटोप्ले’वर क्लिक करावे आणि सर्वांत वरच्या ‘यूज ऑटोप्ले फॉर ऑल मीडिया अँड डिव्हायसेस’ या ओळीपुढची बरोबरची खूण काढावी. त्यानंतर ‘सेव्ह’ दाबायला विसरू नये; बहुतेकांची चूक इथेच होते. गाण्यांच्या सीडी आपोआप वाजलेल्या हव्या असतील, तर ती खूण तशीच ठेवून फक्त नको त्या प्रकारापुढे ‘टेक नो ॲक्शन’ निवडावे.

यानंतरही ‘धिस पीसी’मध्ये सीडीच्या चित्रावर डबल-क्लिक केल्यास तिच्यावरील प्रोग्रॅम सुरू होऊ शकतो, म्हणून अनोळखी सीडीवर राइट-क्लिक करून ‘ओपन’ निवडावे आणि आतील फाइली आधी नजरेखालून घालाव्यात.