तात्पर्य विचारलं की मुलं गोष्टच सांगतात?
"तात्पर्य सांग" म्हटलं की चौथी-पाचवीतली मुलं अख्खी गोष्टच पुन्हा सांगतात. त्याऐवजी विचारा: शेवटी काय बदललं, कशामुळे? उत्तर एका वाक्यात, पण पात्राचं नाव न घेता. "ससा झोपला म्हणून हरला" नव्हे. "गाफील राहिलं की हातचं जातं".

अलंकारासाठी वाक्य वावरातलंच घ्या: "पऱ्हाटीवर बोंडं हसली." खरंच हसतात का? नाही, मग त्या शब्दाखाली रेघ. आता, काय पाहून 'हसली' म्हटलं असेल? बोंड उकललं, आतला पांढरा कापूस दातांसारखा दिसला. हे मुलांच्या तोंडून येईपर्यंत 'चेतनगुणोक्ती' (माणूस नसलेल्याला माणसासारखं वागताना दाखवणं) हा शब्द काढूच नका.

'सारखा' दिसला की उपमा, असं मात्र शिकवू नका. "बंड्या सारखा रडतो" यात 'सारखा' म्हणजे सतत. मुलं इथंच हमखास फसतात.