कॅनरी ते सेंट लुशिया : छोट्या शीडनौकेतून अटलांटिक ओलांडताना

नवव्या रात्री दोनच्या सुमाराला बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि पुढचं शीड वेड्यासारखं फडफडायला लागलं. आभाळ स्वच्छ होतं, वारा रोजचाच, वीसेक नॉट, म्हणजे ताशी सदतीसेक किलोमीटर. शीड बाहेर ताणून धरणाऱ्या काठीच्या टोकातून जाणारा दोर तुटला होता. नऊ दिवस एकाच जागी घासून घासून. दोर तपासायची सकाळची फेरी माझ्याकडे होती आणि आदल्या रात्री झोप झाली नव्हती म्हणून त्या दिवशी मी ती टाळली होती. अंधारात, हेलकावणाऱ्या डेकवर, ते शीड आवरायला दोघांना चाळीस मिनिटं लागली.

आमची नौका ३८ फुटांची, माणसं तीन. ग्रान कॅनरिया बेटावरच्या लास पाल्मासहून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो आणि कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटाच्या रॉडनी बे बंदरात २२ दिवसांनी पोचलो. अंतर साधारण २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. पहिल्यांदाच जाऊ पाहणारी मुलं-मुली मला नेहमी वादळाचं विचारतात. दोरांचं आणि झोपेचं कुणी विचारत नाही, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी वेळ आणि वाट. शाळेच्या भूगोलातले ईशान्य व्यापारी वारे आठवा, सगळा प्रवास त्यांच्या भरवशावर असतो. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो असं धरतात आणि वारे डिसेंबर-जानेवारीत नीट बसतात. जुने खलाशी सांगायचे, लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा. आम्हीही तसंच केलं. निघाल्या-निघाल्या मात्र सांभाळा: कॅनरीची बेटं उंच, त्यांच्या मधल्या फटींतून वारा एकदम जोर धरतो, आणि पोट अजून समुद्राला सरावलेलं नसतं. पहिले तीन दिवस मी आलेपाकाच्या वड्या आणि कोरड्या खाकऱ्यावर काढले. उलटी होत असली तरी घोट घोट पाणी पीत राहा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

आता दोर. वारा पाठीमागून असला की नौका सतत डाव्या-उजव्या कुशीवर लोळते आणि प्रत्येक लोळण्यात प्रत्येक दोर कुठेतरी घासतो. डोळ्यांवर विसंबू नका, बोटं फिरवा. आधी लव आल्यासारखं खरखरीत लागतं, मग दोर त्या जागी चपटा होतो, मग वरचं विणलेलं आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसतो. लव लागली की त्याच दिवशी काहीतरी करायचं. आमच्या स्किपरने (आपल्याकडचा तांडेलच म्हणा) त्या रात्रीनंतर मला एक सोपी गोष्ट शिकवली: रोज सकाळी दोर वीतभर सोडायचा किंवा ओढायचा, म्हणजे घासणारी जागा बदलते. तो मला रागावला नाही. फक्त पुढचे तेरा दिवस फेरीला माझ्याबरोबर आला. डेकवर एखादा सुटा नट किंवा पिन पडलेली दिसली, तर ती कुठून निखळली हे सापडेपर्यंत दुसरं काम करायचं नाही, हेही त्याच्याकडूनच शिकले.

झोपेचं गणित असं. तिघं असलो की तीन तास पहारा, सहा तास सुट्टी. कागदावर भरपूर वाटतं, पण त्या सहा तासांत स्वयंपाक, भांडी, दुरुस्ती सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात लाज न बाळगता दुपारी झोपा. पहाऱ्यावर जाताना आपल्याला नौकेशी बांधून ठेवणारा पट्टा केबिनच्या दारातून बाहेर पडायच्या आधीच अडकवायचा. दुसरं कुणी जागं नसेल तर पुढच्या डेकवर जायचं नाही, कितीही छोटं काम असो. सूर्य मावळताना शीड कमी करून ठेवा. रात्री क्षितिजावरच्या चांदण्या एका पट्ट्यात दिसेनाशा झाल्या की सर येतेय, आणि ती दहा-पंधरा मिनिटांत वारा दुप्पट करते.

पाणी माणशी रोज तीन लिटर पिण्याचं, आणि दिवस २२ धरले तरी साठा ३० दिवसांचा: तिघांचे २७० लिटर. भांडी समुद्राच्या पाण्याने धुवा. भातात चौथा हिस्सा समुद्राचं पाणी घातलं की मीठ लागत नाही. प्रेशर कुकर न्याच. झाकण घट्ट बसतं, त्यामुळे नौका कलली तरी उकळता वरण-भात अंगावर येत नाही. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच टाकून या, त्यांत झुरळांची अंडी येतात. कोबी, कांदे, बटाटे, भोपळा शेवटपर्यंत टिकले. केळ्यांचा घड मात्र दोन दिवसांत सगळा एकदम पिकला आणि आम्ही तिन्ही वेळा केळी खाल्ली.

अशा नौकेवर जागा मिळवायची तर नोव्हेंबरमध्ये लास पाल्मासच्या धक्क्यावर असावं लागतं. १९८६पासून तिथून दरवर्षी नौकांचा मोठा ताफा निघतो, त्यामुळे माणसं शोधणारे स्किपर भेटतात. हो म्हणण्याआधी दोन दिवस त्यांच्याबरोबर शीड उभारून फिरा. पहिल्या नौकेवर मी नाही म्हटलं, कारण लाइफराफ्टच्या (नौका बुडालीच तर वापरायच्या फुगवत्या तराफ्याच्या) तपासणीची तारीख उलटून गेली होती आणि मालकाला त्याचं काही वाटत नव्हतं. मुंबई-गोव्याकडे छोट्या होडीवर शिकलेलं सगळं कामाला येतं. भारतीय नौदलातले दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘म्हादेई’ नौका गोव्यातच बांधलेली, हे स्किपरला सांगताना मला फार बरं वाटलं होतं.

भारतीय पासपोर्टवाल्यांनी कागदांकडे नीट लक्ष द्या. कॅनरी बेटं स्पेनची, म्हणून शेंगेन व्हिसा. निघताना बाहेर पडल्याची अधिकृत नोंद करून घ्यायला विसरू नका. पलीकडच्या देशाचे नियम घरूनच तपासा आणि परतीच्या विमानाचं तिकीट छापून जवळ ठेवा, कारण तुम्ही नौकेवरून उतरेपर्यंत तुमची जबाबदारी स्किपरवर असते. पोचल्यावर पिवळा झेंडा चढवायचा (देशात शिरायची परवानगी अजून मिळायची आहे, याची खूण) आणि स्किपर एकटा कागद घेऊन जातो. आम्ही दोघं तीन तास नौकेवरच होतो. बावीस दिवसांनी ओल्या मातीचा आणि धुराचा वास येत होता.