पावण्यांसाठी झणझणीत चीझ-चिकन डिप, आपल्या कांदा-लसूण चटणीतलं

घरी पंधरा-वीस पावणे यायचेत, निम्मे हॉलमध्ये निम्मे गच्चीवर, सगळ्यांना एकदम बसवायला जागा नाही, अशा पार्टीत तांबडा-पांढऱ्याच्या भानगडीत पडू नका. रस्सा म्हटला की ताट आलं, वाट्या आल्या, मांडी घालून बसणं आलं आणि वाढायला दोन माणसं आली, ती मग रात्रभर पार्टीत दिसतच नाहीत. त्यापेक्षा मधोमध गरम डिपचं एक पसरट भांडं ठेवायचं, बाजूला टोस्ट-काकडी-गाजर, ज्याला पाहिजे तो उभ्या उभ्या खातोय, गप्पा चालू.

हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यात बफेलो म्हणून शहर आहे, तिथल्या अँकर बारमध्ये १९६४ साली कोंबडीचे पंख तळून लोणी आणि तिखट सॉसमध्ये घोळवून द्यायला सुरुवात झाली असं सर्वसाधारणपणे मानतात. त्याच चवीचं पुढे डिप झालं, म्हणजे पंखांच्या जागी चिकनचे धागे आणि त्यात क्रीम चीझ, वरून आणखी चीझ. तिकडचा सॉस केयेन मिरची आणि व्हिनेगरचा असतो. आपल्या घरात बरणीभर कांदा-लसूण चटणी (म्हणजे कोल्हापूरकडचं मसाल्याचं तिखट) आहे, मग बाहेरचा सॉस कशाला आणा. पण एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, चटणीत तिखट आहे, लसूण आहे, खोबरं-तीळ आहेत, फक्त आंबट नाही. आणि या डिपची सगळी मजा आंबटात आहे कारण लोणी, चीझ, मेयो सगळंच जड, चार घासांत तोंड मिटतं. आपली सवय अशी की चव सपक वाटली की हात चटणीच्या डब्याकडे जातो. इथं तसं करायचं नाही, आधी अर्धा चमचा व्हिनेगर घालून बघायचं, बहुतेक वेळा तेच कमी पडलेलं असतं.

बारा-पंधरा जणांना सुरुवातीचं खाणं म्हणून साधारण हे लागेल: बोनलेस चिकन अर्धा किलो (मांडीचं मिळालं तर तेच घ्या, छातीचं लवकर कोरडं पडतं), घट्ट चक्का ३०० ग्रॅम, प्रोसेस्ड चीझचे ४ क्यूब, मोझरेला १५० ग्रॅम, बटर ५० ग्रॅम, मेयोनीज ४ मोठे चमचे, लसूण ७-८ पाकळ्या, कांदा-लसूण चटणी २ छोटे चमचे, रंगाला काश्मिरी तिखट १ चमचा, पांढरं व्हिनेगर दीड मोठा चमचा, कॉर्नफ्लोअर १ चमचा, कांद्याची पात मूठभर. यात मीठ लिहिलेलं नाही ते मुद्दामच. चटणीत मीठ, बटरमध्ये मीठ, चीझमध्ये मीठ, मेयोत मीठ. शेवटी चाखून वाटलंच तर चिमूटभर.

चक्का का, तर क्रीम चीझ महाग पडतं आणि आपल्याकडं म्हशीचं दूध इतकं चांगलं मिळतंय की त्याच्या दह्याचा चक्का एकदम घट्ट आणि लोण्यासारखा होतो. आदल्या रात्री पाऊण किलो दही सुती फडक्यात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर काहीतरी वजन, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. बाहेर टांगून ठेवलं तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबट ढाण होतंय. डेअरीतून आयता चक्का आणला तरी चालतो, फक्त बिनसाखरेचा आहे ना एवढं विचारून घ्या, पाडव्याच्या आसपास गर्दीत गोडवाला हातात पडू शकतो. क्रीम चीझच वापरायचं असेल तर २०० ग्रॅम पुरे, ते तासभर आधी बाहेर काढून मऊ करा आणि व्हिनेगर थोडं वाढवा कारण चक्क्याइतका आंबटपणा त्यात नसतो.

आता चिकन. पातेल्यात चिकन, बुडेल एवढं पाणी, हळद, आलं-लसूण ठेचून, थोडंसं मीठ. उकळी आली की गॅस बारीक आणि झाकण ठेवून १५-१८ मिनिटं. कुकरला लावू नका, एका शिट्टीत मोठे तुकडे धड शिजत नाहीत आणि तीन शिट्ट्यांत चोथा. थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सियस दिसलं की झालं, नसेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, आत गुलाबी नको आणि पाणी स्वच्छ सुटलं पाहिजे. गॅस बंद करून त्याच पाण्यात दहा मिनिटं राहू द्या मग बाहेर काढा. राहिलेलं पाणी म्हणजे आपली अळणीच, ती ओतून टाकणाऱ्याला कोल्हापुरात माफी नाही. गार करून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी खसखस-काजू-तिळाचं वाटण आणि नारळाचं दूध घातलं की पांढरा रस्सा तयार.

चिकन कोमट असतानाच बोटांनी धागे काढा, फार बारीक नको, टोस्टवर उचलताना दिसलं पाहिजे की चिकन खातोय. धागे काढून झाले की हातानं दाबून पाणी काढा, नाहीतर पेपर नॅपकिनवर पसरा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग डिपच्या कडेनं पाणी सुटलं म्हणून चीझला दोष देतात.

सॉससाठी जाड बुडाची कढई, मंद गॅस, बटर वितळलं की किसलेला लसूण. लसणाचा कच्चा वास गेला पण रंग बदलला नाही, तिथंच गॅस बंद करा आणि मग चटणी आणि काश्मिरी तिखट घाला. कढईच्या उरलेल्या गरमीत चटणी अर्ध्या मिनिटात परतली जाते. मोठ्या गॅसवर घातली तर ती करपते, कडू होते आणि घरभर ठसका उठतो, पावणे दारातच खोकत उभे. चटणी कच्चीच चीझमध्ये ढवळणारे पण आहेत, त्यांच्या डिपला पिठूळ चव येते, तिखट बटरमध्ये उतरल्याशिवाय सगळीकडं सारखं पसरत नाही. चटणी सुकी दिसली तर चमचाभर अळणी घाला, मग व्हिनेगर, आणि हलवून बाजूला ठेवा. दोन चमचे चटणी हे माप डोळे झाकून घेऊ नका बरं का, कुणाच्या घरची चटणी ब्याडगीवर बेतलेली नुसती लालभडक, कुणाकडं संकेश्वरी किंवा लवंगी सढळ हातानं घातलेली. आपल्या बरणीचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. पुण्या-मुंबईचे पावणे असतील तर दीड चमचा, आणि उरलेलं तिखट बटर वाटीत वेगळं ठेवा, ज्याला पाहिजे तो वरून ओतून घेईल.

चक्का, कॉर्नफ्लोअर आणि मेयो एका भांड्यात गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. कॉर्नफ्लोअर घालायचंच, कारण दही तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर पडतं, म्हणजे फाटतं, आणि पिठामुळं ते धरून राहतं. कढीला बेसन लावतो ते ह्यासाठीच. प्रोसेस्ड चीझचं कामही तेच, त्यात तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात म्हणून ते तुपकट न होता मऊ वितळतं, नुसत्या मोझरेलानं तारा सुटतात पण डिप एकजीव होत नाही. म्हणून क्यूब किसून आत आणि मोझरेला बहुतेक सगळं वर. मोझरेलाचं ठोकळं आणून घरी किसलेलं बरं, आयत्या किसलेल्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असतंय, ते वितळताना थोडं कोरडं राहतं.

फेटलेल्या चक्क्यात तिखट बटर कोमट झाल्यावर ओता, चिकन, किसलेले क्यूब, निम्मी पात, हलवा आणि चाखा. ह्या वेळी जरा जास्त झणका वाटला पाहिजे, वर चीझ पडल्यावर तो खाली येतो. फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. मग पसरट काचेच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात दीड-दोन इंचाचा थर, त्याहून जाड नको, मधे गार राहतं. वर मोझरेला.

ओव्हन असेल तर आधी तापवून १८० अंशावर २० मिनिटं, कडेला बुडबुडे यायला लागले की शेवटची दोन-तीन मिनिटं फक्त वरची कॉइल लावून तांबूस डाग पाडायचे. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोडवर, नुसत्या मायक्रोवर चीझ रबर होतं आणि मायक्रो मोडला स्टीलचं भांडं तर अजिबात नको. एअर फ्रायरमध्ये छोट्या वाट्यांतून १७० अंशावर दहा मिनिटं. काहीच नसेल तर जाड तवा तापवा, त्यावर डिपचं स्टीलचं भांडं झाकण लावून ठेवा, गॅस अगदी बारीक, बारा-पंधरा मिनिटं. झाकणाला आतून फडकं गुंडाळा म्हणजे वाफेचं पाणी चीझवर टपकत नाही. वर रंग येणार नाही, त्याला इलाज नाही, चवीत फरक पडत नाही.

सगळं दुपारीच भांड्यात भरून फ्रिजमध्ये ठेवता येतं, पावणे आले की भाजायचं, फक्त फ्रिजमधून थेट काढलं तर पाच-सात मिनिटं जादा द्या आणि काचेचं भांडं असेल तर आधी थोडा वेळ बाहेर ठेवा, नाहीतर तडकायचं.

बुडवायला खारी आणू नका, दिसते छान पण डिपमध्ये तुटते आणि मग सगळे बोटं घालतात. बेकरीतले कडक टोस्ट, बेकरीतलेच जिरा बटर (लोणी नव्हे), किंवा मिसळीबरोबर खातो तोच स्लाइस ब्रेड तिकोनी कापून तव्यावर कडक भाजलेला, हे बेस्ट. काकडी, गाजर, ढोबळी मिरचीचे लांब तुकडे पण ठेवा, तिखट चढल्यावर लोक तिकडंच वळतात. भांडं दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, चिकन आणि दही दोन्ही आहे त्यात, मे महिन्यात तर तासभरच. म्हणून एक मोठं भांडं करण्यापेक्षा दोन मध्यम करा, एक बाहेर एक फ्रिजमध्ये. उरलेलं पूर्ण गरम करून दोन-तीन दिवसांत ब्रेडमध्ये घालून टोस्टरला लावून संपवायचं.

आणि तारीख ठरवताना कॅलेंडर बघा, शनिवार सोयीचा म्हणून ठरवता आणि निम्मे पावणे शनिवार पाळणारे निघतात, त्यात संकष्टी असेल तर विषयच संपला. अशांसाठी त्याच सॉसमध्ये चिकनच्या जागी परतून पाणी आटवलेलं मशरूम आणि कुस्करलेलं पनीर चालतं. चक्का-सॉस एकदमच करा, फक्त त्यात अळणीऐवजी साधं पाणी आणि मेयो बिनअंड्याचं घ्या, आणि चिकन घालायच्या आधी व्हेजवाल्यांचा वाटा काढून ठेवा. भाजल्यावर वरून दोन्ही भांडी सारखीच दिसतात, म्हणून व्हेजवर मक्याचे दाणे पेरा आणि चमचे वेगळे ठेवा.